‘नोस्फेराटू’ पाहून भीती वाटली नाही, तर त्यात नेमके काय पाहायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. फ्रीड्रिश विल्हेल्म मुर्नाऊ या जर्मन दिग्दर्शकाचा १९२२ सालचा ‘नोस्फेराटू’ हा मूकपट तुम्ही घरी लॅपटॉपवर पाहिला, त्यात एकदाही दचकला नाहीत, दोन-तीन ठिकाणी तर हसू आवरले नाही, आणि तरीही उत्तम भयपटांची कोणतीही यादी उघडली की त्यात त्याचे नाव असतेच. तेव्हा ही जुन्या गोष्टींविषयीची निव्वळ भक्ती आहे, की त्यात खरोखरच काही आहे आणि ते तुमच्या नजरेतून निसटले, असे तुम्ही विचारले आहे. शिवाय महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळात तो दाखवायचा असल्याने मुलांसमोर तो कसा ठेवावा, हाही पेच आहे.

चित्रपट रसास्वादाच्या शिबिरांमध्ये मूकपट शिकवताना हा प्रश्न मला नेहमी ऐकायला मिळतो, आणि तो प्रामाणिक असल्यामुळे मला आवडतो. माझ्या मते त्यात दोन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. तुम्ही नेमका कोणता ‘नोस्फेराटू’ पाहिला, हा पहिला; कारण या नावाने फिरणाऱ्या प्रतींमध्ये इतका फरक आहे की काही वेळा दोन माणसे एकाच चित्रपटाविषयी बोलत आहेत असे म्हणणेही धाडसाचे ठरते. भयपटाकडून तुम्ही कोणत्या प्रकारच्या भीतीची अपेक्षा ठेवली होती, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या प्रतीवर, पडद्यावर आणि खोलीतल्या उजेडावर अवलंबून आहे, त्यामुळे ते मी खात्रीने देऊ शकत नाही. दुसऱ्याविषयी मात्र मला ठाम मत आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथानक सांगतो. १८३८ सालच्या विस्बोर्ग या कल्पित जर्मन बंदरगावातला हुटर नावाचा तरुण कारकून एका घराच्या व्यवहारासाठी कार्पेथियन डोंगरांतल्या काउंट ऑर्लोककडे जातो. ऑर्लोक हा रक्तपिपासू पिशाच्च आहे. हुटरच्या पत्नीचे, एलेनचे, चित्र पाहून तो तिच्या घरासमोरचीच ओसाड वास्तू विकत घेतो, मातीने भरलेल्या शवपेट्यांसह जहाजातून विस्बोर्गला येतो, आणि त्याच्याबरोबर उंदीर व प्लेगही गावात शिरतात. शेवटी एलेन स्वतःचा बळी देऊन त्याला पहाटेपर्यंत आपल्या खोलीत रोखून धरते आणि सूर्याच्या किरणांत तो विरून जातो.

आता प्रतींचा मुद्दा. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवला जाई, आणि सेकंदाला २४ चौकटी हा वेग बोलपट आल्यानंतर स्थिरावला. ‘नोस्फेराटू’ साधारण १८ चौकटींच्या वेगाने दाखवणे योग्य मानले जाते. तोच २४ च्या वेगाने चालवला की माणसे तुरुतुरु चालू लागतात, आणि प्रेक्षकाला हसू येणे अपरिहार्य असते. पण याहून मोठे नुकसान वेगळेच आहे. हुटरला किल्ल्याकडे नेणारी बग्गी अमानुष वेगाने धावावी म्हणून मुर्नाऊने तेवढाच भाग मुद्दाम कमी चौकटींत चित्रित केला होता, म्हणजे माणसांच्या जगाला एक गती आणि पिशाच्चाच्या हद्दीत दुसरी गती अशी त्याची रचना होती. सगळाच चित्रपट जलद झाला की ही सीमारेषा पुसली जाते आणि बग्गी केवळ विनोदी दिसते. तुमची प्रत तासाभराच्या आसपास संपली असेल, तर तुम्ही चुकीच्या वेगाची किंवा कापलेली प्रत पाहिली असे खुशाल समजा. जर्मनीतल्या मुर्नाऊ प्रतिष्ठानासाठी २००५-०६ मध्ये पूर्ण झालेल्या पुनरुज्जीवनाची लांबी दीड तासाहून थोडी अधिक आहे.

दुसरी बाब रंगाची आहे आणि ती बहुतेकांना ठाऊकच नसते. हा चित्रपट कृष्णधवल चित्रित झाला असला तरी त्याच्या मूळ प्रिंट रंगछटा दिलेल्या होत्या: रात्रीची दृश्ये निळी, दिव्याच्या उजेडातली पिवळसर, पहाटेची गुलाबी. त्या काळच्या फिल्मची संवेदनशीलता इतकी कमी होती की बाहेर रात्री चित्रण करणे शक्यच नव्हते. दिवसाढवळ्या चित्रण करायचे आणि प्रिंट निळ्या रंगात बुडवून त्याची रात्र करायची, ही सर्वमान्य पद्धत होती. पुढे ज्या काळ्या-पांढऱ्या नकला निघाल्या त्यांत ही निळाई गेली. परिणामी ऑर्लोक काखेत शवपेटी मारून भर उन्हात गावातून चालताना दिसतो, आणि हाच प्राणी शेवटी सकाळच्या कोवळ्या किरणाने नष्ट होतो हे पाहून कोणताही शहाणा प्रेक्षक चक्रावेल. तुम्हाला शेवट ‘ओढूनताणून आणलेला’ वाटला असे तुम्ही लिहिले आहे. त्याचे कारण बहुधा येथेच आहे.

या दुरवस्थेला इतिहासही कारणीभूत आहे. निर्माती संस्था ‘प्राना फिल्म’ हिने ब्रॅम स्टोकर यांच्या ‘ड्रॅक्युला’ (१८९७) या कादंबरीचे हक्क न घेताच पात्रांची आणि स्थळांची नावे बदलून हा चित्रपट काढला. स्टोकर यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांनी न्यायालयात धाव घेतली. तोवर संस्थेचे दिवाळे वाजले होते, त्यामुळे पैसे मिळण्याची आशा नव्हती, तेव्हा सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश १९२५ मध्ये झाला. प्रती परदेशांत आधीच पोहोचलेल्या असल्यामुळे चित्रपट वाचला, पण अंगभंग होऊनच वाचला. कुठे मजकुराच्या पाट्या बदलल्या, कुठे पात्रांना पुन्हा कादंबरीतली नावे दिली गेली, कुठे दृश्ये गळाली. पुनरुज्जीवनासाठी मुख्य आधार ठरली ती पॅरिसच्या सिनेमाथेक या चित्रपट-संग्रहालयातली फ्रेंच पाट्यांची, रंगछटा शाबूत असलेली एक जुनी प्रिंट. ज्यांच्या स्वतःच्या मूकपटांपैकी फारच थोडे हाती उरले आहेत, आणि ज्यांना फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ही आज पूर्ण पाहता येत नाही, त्या आपल्यासारख्या प्रेक्षकांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

संगीताविषयी एवढेच सांगतो, की हान्स एर्डमान यांनी या चित्रपटासाठी खास संगीत रचले होते आणि ते उपलब्ध सामग्रीवरून पुन्हा उभे करण्यात आले आहे. इंटरनेटवरच्या अनेक प्रतींना कोणीतरी हाताला लागेल ते ऑर्गनवादन जोडलेले असते. त्यापेक्षा आवाज बंद करून पाहिलेले बरे.

समजा, तुम्ही उत्तम प्रत पाहिली आणि तरीही दचकला नाहीत. मग? मग तुमची प्रतिक्रिया बरोबरच आहे, कारण हा चित्रपट दचकवण्यासाठी रचलेलाच नाही. दचकवण्याचे तंत्र असे असते, की धोका चौकटीबाहेर लपवायचा आणि अवचित आत ढकलायचा. मुर्नाऊ याच्या नेमके उलट करतो. तो धोका आधीच दाखवतो, लांब दाखवतो, आणि मग तो आपल्याकडे येत राहतो. या चित्रपटाचे सारे भय ‘येण्या’त आहे, आणि माझ्या मते त्याच्या टिकाऊपणाचे रहस्यही तेच आहे. अवचितपणा एकदाच चालतो. दुसऱ्यांदा पाहताना आपण सावध असतो. पण एखादी गोष्ट संथपणे येत आहे, तिला कोणी अडवणार नाही आणि आपल्याला हलता येत नाही, ही जाणीव दहाव्यांदा पाहतानाही तितकीच जड राहते, किंबहुना शेवट ठाऊक असल्यामुळे वाढते.

किल्ल्यातल्या दुसऱ्या रात्रीचे दृश्य पुन्हा लावून पाहा. हुटर आपल्या खोलीचे दार किंचित उघडून बाहेर डोकावतो. दूर दालनाच्या टोकाला ऑर्लोक उभा आहे, ताठ, हात शरीराला चिकटलेले. त्याने काहीही केलेले नाही. मग एका चित्रात दुसरे चित्र मिसळते आणि तोच ऑर्लोक, तशाच स्थितीत, जवळ आलेला असतो. मधले चालणे आपल्याला दाखवलेलेच नाही. हुटर दार लोटतो, पण त्याला कडी नाही. खिडकीकडे धावतो, तर खाली खोल दरी. तेव्हा हा दांडगा तरुण, जो आतापर्यंत भुताखेतांच्या पुस्तकाला हसत होता, लहान मुलासारखा अंथरुणात शिरून पांघरूण तोंडावर ओढून घेतो. दार आपोआप उघडते. दाराची कमान टोकदार आणि अरुंद आहे, आणि ऑर्लोक तिच्यात येऊन उभा राहतो तेव्हा त्याच्या देहाची आणि कमानीची बाह्यरेषा अशी जुळते की ती कमान म्हणजे उभी केलेली शवपेटीच वाटावी. या सगळ्यात एकही हिंसक हालचाल नाही. जागा आधी लांब, मग अपुरी, मग संपलेली, एवढेच घडते.

आणि येथे संकलनाची एक करामत आहे, जी मी शिबिरात नेहमी थांबवून दाखवतो. ऑर्लोकची सावली हुटरवर पडत असतानाच दूर विस्बोर्गमध्ये एलेन झोपेतून उठते, हात पुढे पसरते आणि नवऱ्याच्या नावाने हाक मारते. पुढच्या शॉटमध्ये किल्ल्यातला ऑर्लोक मान वळवून मागे पाहतो, जणू त्याने ती हाक ऐकली आहे. मग पुन्हा एलेन, पसरलेल्या हातांनी, त्याच दिशेने पाहणारी. एकाच खोलीतल्या दोन माणसांना एकमेकांकडे पाहताना दाखवण्याची जी साधी पद्धत आहे, तीच मुर्नाऊने शेकडो मैल दूर असलेल्या दोन माणसांसाठी वापरली. त्या क्षणी प्रेक्षकाच्या मनात एक नाते जुळते, जे कोणत्याही पाटीवर लिहिलेले नाही. पुढे एलेन समुद्रकिनाऱ्यावर, वाळूत रोवलेल्या क्रुसांमध्ये बसून वाट पाहते, तेव्हा चोखंदळ विद्यार्थी लगेच विचारतात की हुटर तर घोड्यावरून, जमिनीच्या वाटेने परत येतो आहे. मग ही समुद्राकडे डोळे लावून कोणाची वाट पाहते आहे? चित्रपट याचे उत्तर देत नाही आणि ते न देणे हेच शहाणपण आहे.

जहाजाचा भाग तर ‘येण्या’चे पूर्ण प्रकरणच आहे. ‘एम्पुझा’ या जहाजावरचे खलाशी एकेक करून मरतात, उरलेला एक जण कुऱ्हाड घेऊन तळघरात उतरतो, आणि ऑर्लोक शवपेटीतून उभा राहतो. बसून, हात टेकून नव्हे, तर टाचांवर फिरल्यासारखा, फळी उभी करावी तसा. कप्तान स्वतःला सुकाणूला बांधून घेतो. त्यानंतर मुर्नाऊ तीन प्रवास एकमेकांत विणतो: धापा टाकत घराकडे निघालेला हुटर, वाऱ्याने फुगलेल्या शिडांचे जहाज आणि वाट पाहणारी एलेन. मग विस्बोर्गचे शांत बंदर दिसते, आणि चौकटीच्या एका बाजूने ते जहाज हळूहळू आत सरकू लागते. त्यावर कोणी माणूस दिसत नाही. गाव झोपलेले आहे. जहाज सरकत राहते आणि चौकट भरत जाते. माझ्या पाहण्यात भयपटांतला इतका निःशब्द आणि इतका निर्दय शॉट दुसरा नाही, आणि त्यात रक्त, चेहरा, किंकाळी यांपैकी काहीच नाही.

शेवटी एलेनच्या घरात येतानाही हाच नियम पाळलेला आहे. जिन्यावरून ऑर्लोक वर जातो तेव्हा आपल्याला त्याची फक्त सावली दिसते, वाकलेले खांदे आणि लांब होत गेलेली बोटे असलेली. आणि खोलीत पोहोचल्यावर त्या हाताची सावली एलेनच्या पांढऱ्या वस्त्रावरून सरकत छातीपर्यंत येते आणि मूठ आवळते. हात नव्हे, हाताची सावली, आणि तरीही तिचे अंग वेदनेने आकसते. हा शॉट पुढे इतक्या ठिकाणी वापरला गेला की नव्या प्रेक्षकाला तो ओळखीचा वाटतो आणि म्हणून जुनाट वाटतो. अभिजात कलाकृतींची ही अडचण सर्वांनाच असते.

आता तुमच्या दुसऱ्या आक्षेपाकडे वळतो. तुम्ही म्हणता की जर्मन अभिव्यक्तिवादी चित्रपट म्हणजे वेडेवाकडे रंगवलेले नेपथ्य, तिरप्या भिंती, कोनाकृती खिडक्या असे तुम्ही वाचले होते, आणि येथे तर साधी घरे, झाडे, घोडे आणि समुद्र दिसला. निरीक्षण अगदी अचूक आहे. १९२० च्या ‘डॉक्टर कालिगारी’ या जर्मन चित्रपटाने ती रंगवलेली दुनिया लोकप्रिय केली होती, आणि त्या काळात जर्मन चित्रपट स्टुडिओच्या चार भिंतींत बनवण्याकडे कल होता. मुर्नाऊ आणि त्याचा छायाचित्रकार फ्रिट्झ आर्नो वाग्नर मात्र १९२१ मध्ये कॅमेरा घेऊन बाहेर पडले. विस्बोर्ग म्हणून दिसते ते विस्मार आणि ल्यूबेक. ऑर्लोक जे ओसाड घर विकत घेतो ती ल्यूबेकमधली नदीकाठची मिठाची जुनी गोदामे आहेत, आणि ती आजही उभी आहेत. किल्ला आहे तो आजच्या स्लोव्हाकियातला ओरावाचा किल्ला. वाऱ्याने हलणारी झाडे, बिथरलेले घोडे, पांढरा फेस असलेल्या लाटा हे सारे खरे आहे.

याचा परिणाम खोलवर होतो. रंगवलेल्या वेड्यावाकड्या जगात पिशाच्च आले तर ते त्याच जगाचे रहिवासी ठरते आणि प्रेक्षक सुरक्षित राहतो. खऱ्या रस्त्यावर, खऱ्या दगडी गोदामासमोर तेच उभे राहिले की ते आपल्या जगात आल्यासारखे होते. मुर्नाऊ आणखी एक पाऊल पुढे जातो आणि पिशाच्चाला निसर्गाच्या क्रमातच बसवतो. चित्रपटातला प्राध्यापक विद्यार्थ्यांना कीटक गिळणारी वनस्पती दाखवतो, मग सूक्ष्मदर्शकाखाली एक पारदर्शक, जवळजवळ शरीरच नसलेला पॉलिप हा पाण्यातला जीव दाखवतो. तिकडे वेड्यांच्या कोठडीत हुटरचा वेडा झालेला मालक क्नॉक कोळ्याला माशी पकडताना पाहून आनंदतो. हे तुकडे शास्त्रीय माहितीपटासारखे चित्रपटात घुसवले आहेत असे पहिल्यांदा वाटते. पण त्यांचे म्हणणे भयंकर आहे: ऑर्लोक हा सैतान नाही, तो अशाच भुकेचा आणखी एक प्रकार आहे, आणि भुकेशी वाद घालता येत नाही.

जाता जाता एक गंमत. सराईच्या प्रसंगात रात्री फिरणारा ‘नरवृक’, म्हणजे लांडग्याचे रूप घेणारा माणूस, म्हणून जो प्राणी दाखवला आहे, तो पट्टेरी तरस आहे. युरोपीय प्रेक्षकाला तो अनोळखी आणि म्हणून भेसूर वाटत असेल. आपल्याकडच्या माळरानांवर वाढलेला विद्यार्थी मात्र तो पाहून हमखास ओरडतो, ‘अहो, हे तर तरस!’ आणि वर्गाचे गांभीर्य दोन मिनिटांसाठी संपते. मी ते संपू देतो.

हसण्याविषयी आणखी स्पष्टपणे सांगायला हवे, कारण ‘अभिजात आहे म्हणून हसू नका’ हे सांगणे मला पटत नाही. हुटरची भूमिका करणाऱ्या गुस्ताव फॉन वांगेनहाइम यांचा सुरुवातीचा खिदळता अभिनय आज जड जातो. जलद धावणारी बग्गी आणि गाडीवर आपोआप रचल्या जाणाऱ्या शवपेट्या ही युक्ती योग्य वेगातही माझ्या मते फारशी टिकलेली नाही. मात्र त्याच बग्गीच्या प्रवासात क्षणभर निगेटिव्ह प्रतिमा वापरली आहे, ज्यात आकाश काळे आणि झाडे पांढरीफटक होतात, आणि ती आजही अंगावर काटा आणते. म्हणजे तंत्र जुने झाले म्हणून परिणाम गेला, असा सरसकट नियम येथे लागत नाही. माक्स श्रेक या नटाने उभ्या केलेल्या ऑर्लोकचेही तसेच आहे. त्याला टक्कल आहे, वटवाघळासारखे कान आहेत, आणि त्याचे सुळे नव्हे तर पुढचे दोन दात उंदरासारखे बाहेर आलेले आहेत. १९३१ मध्ये बेला लुगोसी या नटाने ड्रॅक्युलाला देखणा, सभ्य, संध्याकाळच्या पोशाखातला सरदार बनवले आणि पुढचे बहुतेक व्हॅम्पायर त्या घराण्यातले झाले. ऑर्लोकमध्ये मोहकता औषधालाही नाही. म्हणूनच एलेन त्याच्यासाठी खिडकी उघडते तो क्षण इतका अस्वस्थ करणारा होतो, कारण त्याला आकर्षणाचे सोयीस्कर स्पष्टीकरण देता येत नाही. सूर्यप्रकाशाने व्हॅम्पायर मरतो हा जो नियम आज प्रत्येक शाळकरी मुलाला पाठ आहे, तोही याच चित्रपटातून रूढ झाला. स्टोकर यांचा ड्रॅक्युला दिवसा लंडनच्या रस्त्यावर फिरू शकतो, त्याची शक्ती तेवढी कमी झालेली असते.

महामारीचा मुद्दा मी मुद्दाम शेवटाकडे ठेवला आहे. चित्रपट सुरू होतो तो एका पुस्तकाने, आणि ते पुस्तक म्हणजे विस्बोर्गमध्ये १८३८ साली झालेल्या ‘मोठ्या मृत्यू’ची नोंद आहे. म्हणजे कथा सांगणाऱ्याच्या दृष्टीने ही भुताची गोष्ट नसून साथीची बखर आहे. दवंडी पिटणारा येतो, दारांवर खडूने क्रूस काढले जातात, आणि एलेन खिडकीतून पाहते तेव्हा अरुंद रस्त्यावरून शवपेट्या खांद्यावर घेतलेल्या माणसांची रांग चाललेली असते. १९२२ चा बर्लिनचा प्रेक्षक नुकताच महायुद्धातून आणि १९१८ च्या इन्फ्लुएन्झातून बाहेर आलेला होता. त्याला हे दृश्य समजावून सांगण्याची गरज नव्हती. आपल्यालाही नसावी. ज्या १८९७ साली ‘ड्रॅक्युला’ प्रसिद्ध झाली, त्याच वर्षी पुण्यात प्लेगने थैमान घातले होते, आणि घरात उंदीर पडले की गाव सोडून रानात झोपड्या बांधून राहायचे, या आठवणी अनेक मराठी घरांत पणजी-आजीकडून उतरलेल्या आहेत. कोविडनंतर हा चित्रपट दाखवताना मला मुलांमध्ये फरक जाणवला. पूर्वी रस्त्यावरच्या त्या रांगेपाशी वर्ग चुळबुळ करत असे. आता करत नाही.

एक गोष्ट मुलांपासून लपवू नये असे माझे मत आहे. पूर्वेकडून येणारा, वाकड्या नाकाचा, उंदरांना सोबत घेऊन रोग पसरवणारा परका, ही प्रतिमा त्या काळच्या यहुदीद्वेष्ट्या व्यंगचित्रांच्या फार जवळ जाते, आणि अनेक अभ्यासकांनी हा आक्षेप घेतला आहे. दुसऱ्या बाजूने, पटकथाकार हेन्रिक गालेन आणि क्नॉकची भूमिका करणारे अलेक्झांडर ग्रानाख हे स्वतः यहुदी होते, त्यामुळे हेतूविषयी घाईने निकाल देणे योग्य नाही. पण हेतू नसतानाही प्रतिमा आपले काम करत असते. मी हा मुद्दा चित्रपट संपल्यावर मांडतो, आधी नाही. आधी मांडला की मुले चित्रपट पाहत नाहीत, पुरावे शोधतात.

आतापर्यंतचे एका वाक्यात गोळा करायचे तर असे: योग्य वेगाची आणि रंगछटांची प्रत घ्या, दचकण्याची अपेक्षा बाजूला ठेवा, आणि कोण कोठून येते आहे याकडे लक्ष द्या. आता प्रत्यक्ष खेळाविषयी.

मोबाइलवर किंवा उजेड असलेल्या वर्गात हा चित्रपट दाखवू नये. पडदे ओढता येतील अशी खोली आणि प्रोजेक्टर मिळत नसेल तर खेळ पुढे ढकललेला बरा, कारण यातले अर्धे काम चौकटीच्या काळ्या, रिकाम्या कोपऱ्यांत चालते आणि उजेडात ते कोपरे करडे होतात. शहरात मॅक्स म्युलर भवन जवळ असेल तर त्यांच्याकडे आधी विचारणा करा; जर्मन चित्रपटांच्या बाबतीत फिल्म सोसायट्यांचा हा जुना आधार आहे. खेळापूर्वी पाच मिनिटांपेक्षा अधिक बोलू नका. त्या पाच मिनिटांत कथानक सांगू नका, दिग्दर्शकाचे चरित्र सांगू नका. फक्त ‘निळे म्हणजे रात्र’ एवढे सांगा आणि पाट्या वाचायला वेळ मिळेल असे आश्वासन द्या. मराठी मुलांना इंग्रजी उपशीर्षके वाचण्याची सवय असली तरी जुन्या पत्रांच्या आणि पोथ्यांच्या पाट्या लांबलचक आहेत, त्यामुळे एखाद्याने त्या मोठ्याने मराठीत वाचल्या तरी चालते. मूकपटांच्या काळात आपल्याकडे पडद्याशेजारी उभे राहून गोष्ट समजावून सांगणारी माणसे असतच, तेव्हा ही प्रथा परकी नाही.

तुमच्याकडे पूर्ण दीड तास नसेल, तर तुकडे तुकडे दाखवण्यापेक्षा हुटर सराईत पोहोचतो तेथून ते किल्ल्यातल्या त्या दाराच्या दृश्यापर्यंतचा सलग भाग दाखवा. चर्चेसाठी एकच काम द्या: प्रत्येक विद्यार्थ्याने एक ‘येणे’ निवडावे आणि ते किती शॉटमध्ये, कोणत्या दिशेने, किती अंतरावरून दाखवले आहे ते कागदावर काढून आणावे. चित्रकला येण्याची गरज नाही. काड्यांची माणसे पुरतात. या कामातून मुलांना जे दिसते ते माझ्या कोणत्याही व्याख्यानातून दिसलेले नाही. त्यानंतर शक्य झाल्यास शांतारामबापूंचा ‘अमृतमंथन’ (१९३४) दाखवा. ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रतींच्या निमित्ताने ते १९३३ मध्ये जर्मनीला गेले होते, आणि परतल्यावर केलेल्या या चित्रपटात राजगुरूचा डोळा आणि भोवतालचा अंधार त्यांनी ज्या रीतीने वापरला, त्यात जर्मन छायाप्रकाशाचे धडे स्पष्ट दिसतात.

वेर्नर हेर्झोगची १९७९ ची आवृत्ती आणि रॉबर्ट एगर्सची २०२४ ची आवृत्ती याबरोबर लागोपाठ दाखवावी का, असेही तुम्ही विचारले आहे. माझे मत विरोधात आहे. दोन्ही पाहण्यासारख्या आहेत, हेर्झोगची तर विशेष, पण आवाज आणि रंग असलेला चित्रपट पाहिल्यावर कानांना आणि डोळ्यांना त्याची सवय लागते आणि मूकपटाचा संथपणा पुन्हा उणीव वाटू लागतो. मधे किमान महिनाभर जाऊ द्या, आणि तेव्हाही आधी हेर्झोग दाखवा, कारण मुर्नाऊच्या चौकटी त्याने कुठे जशाच्या तशा ठेवल्या आणि कुठे मोडल्या, हे ताज्या नजरेला सहज ओळखता येते.